‘सगळेच असं लिहितात, मग मलाच का झोप लागत नाही?’

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून समुपदेशनात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. “वॉर्डात चुकीचं चाललेलं दिसतं, मीही त्यात असते, आणि नंतर ते डोक्यातून जात नाही. मी या लाइनसाठी नाहीच का?” कोणी तोच प्रश्न उलट्या बाजूनं विचारतं. “पहिल्या वर्षी रडू यायचं, आता काहीच वाटत नाही. मी निर्ढावले का?” खालची केस पहिल्या प्रकारची आहे, पण दुसऱ्या प्रकाराशी तिचा जवळचा संबंध आहे. मुलीचं नाव बदललं आहे, आणि ओळख पटू नये म्हणून एकाहून जास्त विद्यार्थ्यांचे तपशील एकत्र केले आहेत.

अश्विनी, बीएस्सी नर्सिंग, तिसरं सेमिस्टर. वडील एसटीत वाहक, आई घरी शिवणकाम करते, अश्विनी हॉस्टेलवर. अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगची पोस्टिंग, मेल मेडिकल वॉर्ड, दुपारची ड्युटी. वर्गशिक्षिकेनं तिला पाठवलं कारण तिच्या क्लिनिकलच्या गैरहजेऱ्या वाढत होत्या. डिग्री मिळण्याआधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरावेच लागतात, त्यामुळे ही मुलं ताप असला तरी सहसा ड्युटी चुकवत नाहीत. जी चुकवते तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं. अश्विनीला दुपारी युनिफॉर्म चढवताना पोटात कळ यायची आणि रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नव्हता. कॉलेज सोडायचं हे तिनं मनात पक्कं केलं होतं. घरी काही सांगितलेलं नव्हतं.

प्रकार असा घडला होता. वॉर्डात 24 पेशंट. संध्याकाळी सहाच्या राउंडआधी सगळ्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घ्यायचे. सव्वापाचला इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “टीपीआर शीट भरून टाक गं.” चौथ्या वर्षाच्या ताईनं पद्धत शिकवली: “पल्स 76, 78, 82 असं फिरवत राहा. रेस्पिरेशन सगळ्यांचं 20. बीपी एकाला 120/80, पुढच्याला 110/70. कोणी बघत नाही.” अश्विनीनं नऊ जणांचं खरंच घेतलं. सहा वाजत आले तसं उरलेल्या पंधरा जणांचं लिहून टाकलं. 14 नंबरला न्यूमोनियाचे सत्तरीतले बाबा होते, नाकाला ऑक्सिजन. त्यांच्या ओळीत लिहिलं गेलं: 98.6, 80, 20, 120/80. आठच्या हँडओव्हरला नाइटच्या सिस्टर त्यांच्यापाशी थांबल्या. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसले होते. सिस्टरनी श्वास मोजला तर 34, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 86. त्यांना आयसीयूत हलवलं. पाच दिवसांनी ते वॉर्डात परत आले आणि नंतर घरीही गेले.

अश्विनीला कोणी एका शब्दानं काही बोललं नाही. ती ओळ कोणी उघडूनही पाहिली नाही, आणि तिला सगळ्यात जास्त तेच छळत होतं.

अशा वेळी आजूबाजूची माणसं दोन गोष्टी सांगतात आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. मैत्रिणी म्हणतात, “सगळे करतात, सोड ना.” घरी कळलं तर म्हणतात, “तुझी काय चूक, तू तर शिकतेयस.” दोन्ही वाक्यं ऐकून मुलगी आणखी एकटी पडते, कारण आपण काय लिहिलं ते तिला नेमकं माहीत असतं. म्हणून पहिल्या बैठकीत सांत्वन केलं नाही. त्या पाऊण तासाचा हिशेब कागदावर मांडला: काय सांगितलं गेलं, किती वेळ होता, कोण कुठे होतं, तिनं काय केलं.

एका पेशंटचं सगळं नीट घ्यायला किती वेळ लागतो? हात सॅनिटायझरनं चोळायला 20 ते 30 सेकंद. थर्मामीटर काखेत असतानाच नाडी मोजता येते. ती नियमित असेल तर अर्धा मिनिट पुरतो, अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. श्वास मात्र पूर्ण मिनिटच मोजायचा. बीपीचा कफ गुंडाळणं, फुगवणं आणि पारा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटरनं खाली येऊ देणं, याला दीड मिनिट धरा. लिहिणं, पुढच्या खाटेपर्यंत जाणं, आजोबांनी “बाळ, सलाईन कधी काढणार?” विचारलं तर उत्तर देणं. सगळं मिळून साडेचार मिनिटं होतात. 24 पेशंट म्हणजे 108 मिनिटं, आणि तिच्या हातात 45 होती. तेवढ्यात दहा जणांचं होतं. अश्विनीनं नऊ जणांचं केलं होतं, म्हणजे ती हळूही नव्हती आणि आळशीही नव्हती.

हा भागाकार कागदावर दिसल्यावर तिला हायसं वाटलं. पण तिथं थांबणं बरोबर नव्हतं. वेळ कमी होता ही वॉर्डाची अडचण. न मोजलेला आकडा लिहिला, हे तिचं काम. म्हणून जबाबदारी तीन रकान्यांत वाटली. वॉर्डाच्या रकान्यात आलं: माणसं कमी, काम सव्वापाचला सांगितलं, शीट कोणी तपासत नाही. कॉलेजच्या रकान्यात: दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम असला तरी त्या दुपारी वॉर्डात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर नव्हत्या. आणि तिच्या रकान्यात एकच ओळ: ‘पंधरा जणांचे आकडे मनानं लिहिले आणि कोणाला सांगितलं नाही.’ मुली बहुतेक वेळा तिन्ही रकाने आपल्याच अंगावर घेतात. त्या ओझ्याखाली स्वतःची ती एक ओळ नीट वाचताही येत नाही. नर्सिंगच्या नीतिशास्त्रात अँड्र्यू जेम्टन यांनी 1984 मध्ये याच घुसमटीला ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. काय करायला हवं ते कळतं, पण आजूबाजूची व्यवस्था ते करू देत नाही. अश्विनीच्या बाबतीत ही घुसमटही होती आणि तिची स्वतःची चूकही होती. दोन्ही वेगळ्या काढल्याशिवाय एकीवरही इलाज करता येत नाही.

आता मुख्य प्रश्न: ‘मी या लाइनसाठी नाहीच का?’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक वागण्याचे चार टप्पे सांगितले आहेत. वॉर्डात ते फार उपयोगी पडतात. पहिला, इथं काहीतरी चुकतंय हे दिसणं. दुसरा, काय करायला हवं ते ठरवता येणं. तिसरा, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा त्याला वर ठेवणं. म्हणजे इन्चार्जचा राग, इंटर्नलचे मार्क, ताईशी असलेली दोस्ती यांच्या वर. चौथा, ते प्रत्यक्ष करता येणं. यातला कुठलाही एक टप्पा हुकला की बाहेरून एकच दिसतं: मुलीनं खोटा आकडा लिहिला. पण उपाय मात्र टप्प्यानुसार बदलतो.

अश्विनीला दिसत होतं. 14 नंबरच्या ओळीत 20 लिहिताना हात अडखळला होता, हे तिनं स्वतःच सांगितलं. काय करायला हवं होतं, तेही तिला माहीत होतं. तिसऱ्या टप्प्यावर ती थोडी डगमगली. चौथ्यावर पूर्ण अडकली, कारण इन्चार्जना काय म्हणायचं आणि कोणत्या शब्दांत, हे तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालण्याचा डेमो होतो, मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सराव होतो, व्हायवा होतो. ‘सिस्टर, एवढ्या वेळात होणार नाही’ हे म्हणण्याचा डेमो कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. चौथ्या टप्प्यावर अडकणं हा स्वभावाचा दोष नाही. ते सरावानं सुटतं. जिला पहिला टप्पाच दिसेनासा झालाय, तिची काळजी जास्त करावी लागते. म्हणून अश्विनीला सरळ सांगितलं, की झोप उडाली आहे त्यावरून तू अयोग्य ठरत नाहीस. तुझा पहिला टप्पा शाबूत आहे, एवढंच त्यातून कळतं.

मानसशास्त्रज्ञ कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या या मुलांना मानसशास्त्राच्या पेपरला पाठ असतात: आधी शिक्षेची भीती, मग चारचौघांसारखं वागणं, मग तत्त्वानं वागणं. त्यावरून ती स्वतःला मार्क देत बसतात. “मी अजून खालच्या पायरीवर आहे,” असं अश्विनीही म्हणाली. त्यात फार तथ्य नाही. एकच मुलगी पेशंटच्या खाटेपाशी वरच्या पायरीवर असते आणि इन्चार्जच्या टेबलापाशी खालच्या. पायरी कोणती यापेक्षा टेबलापर्यंत जाताना नेमकं काय होतं, ते पाहणं जास्त कामाचं.

पुढच्या बैठकीत तिनं मोबाइलवर त्या टीपीआर शीटचा फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी गुपचूप काढलेला. रेस्पिरेशनच्या रकान्यात, न मोजलेल्या पंधरा ओळींत, वरपासून खालपर्यंत 20. अनुभवी नर्सला असा रकाना पाहताक्षणी कळतं, कारण पंधरा आजारी माणसं कधीच एका लयीत श्वास घेत नाहीत. हा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ‘सगळ्यांचं उघडं पाडायचं’ असं तिच्या मनात होतं. ते थांबवावं लागलं. त्यात पेशंटची नावं आणि नोंदणी क्रमांक होते. एक चूक उघडी पाडायला चोवीस जणांची गोपनीयता मोडायची, आणि चर्चा चार्टवरून घसरून फोटोवर यायची. फोटो डिलीट करून तिनं आपल्या वहीत फक्त तारीख, वेळ आणि स्वतःचं कृत्य लिहिलं.

जाऊन तो आकडा दुरुस्त करू का, हाही तिचा प्रश्न होता. नाही. लिहितानाच चूक लक्षात आली तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, वेळ आणि सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच. पण घटना होऊन गेल्यावर, पेशंट हलवल्यावर, मागे जाऊन आकडा बदलणं ही दुरुस्ती राहत नाही, ती रेकॉर्डमधली छेडछाड होते. तिथं तोंडानं आणि लागलं तर लेखी सांगणं हाच मार्ग.

20 या आकड्यात एवढं काय आहे, तेही तिला समजून घ्यायचं होतं. प्रौढ माणसाचा श्वास साधारण 12 ते 20. ब्रिटनमधल्या न्यूज-2 या इशारा-गुणपद्धतीत 12 ते 20 ला शून्य गुण, 21 ते 24 ला 2, आणि 25 किंवा जास्त झाला की एकदम 3. एकाच गोष्टीला 3 गुण मिळाले तरी पेशंटला तातडीनं बघायचं, असा तिथला नियम. बीपी पडायच्या आधी बऱ्याच वेळा श्वास वाढलेला असतो. म्हणजे मनानं 20 लिहिणं ही साधी रकाना भरण्याची गोष्ट नाही. पेशंटनं दिलेली पहिली खूण त्यानं पुसली जाते. अश्विनीला हे पुस्तकातून माहीत होतं. बाबांच्या ओळीशी जोडून ते पहिल्यांदाच समोर आलं.

ही जोडणी होत होती त्याच आठवड्यात तिनं वॉर्डात आपण होऊन एकदा बोलून पाहिलं आणि तोंडघशी पडली. एक सीनियर ब्रदर त्याच हातमोज्यांनी एकापाठोपाठ दोन पेशंटच्या सलाइनच्या सुया काढत होते. अश्विनी नातेवाइकांसमोर मोठ्यानं म्हणाली, “असं करणं चुकीचं आहे.” ब्रदर म्हणाले, “आल्या मॅडम शिकवायला.” त्या दिवसापासून वॉर्डात तिचं नाव ‘मॅडम’ पडलं. बैठकीत आली ती रडतच: “बोलून काय झालं?”

हे फसलं त्याला तीन कारणं होती. नातेवाइकांसमोर बोलल्यामुळे समोरच्याला अब्रू वाचवावी लागली. वाक्य पेशंटबद्दल नव्हतं, माणसाबद्दल होतं. आणि ‘मग काय करू’ याचं उत्तर त्यात नव्हतं. समोरचा चूक होता, यात शंका नाही. पण शिकाऊ मुलीच्या हातात अधिकार नसतो. तिच्या बोलण्यात पेशंट आणि पर्याय दोन्ही असावे लागतात. मग सराव केला. हातमोज्यांच्या प्रसंगात सगळ्यात चांगलं ठरलं ते छोटं वाक्य. नव्या ग्लोव्ह्जचा डबा पुढे धरून हळू आवाजात: “ब्रदर, हे नवे घ्या, पुढच्या पेशंटला.” एवढंच. ना भाषण, ना आरोप, आणि हातमोजे बदलले जातात.

टीपीआरच्या प्रसंगासाठी वाक्यं ठरली. काम सांगितल्याबरोबर, शेवटी नव्हे: “सिस्टर, घेऊन भरते. सगळ्यांचं व्हायला पावणेदोन तास लागतील. राउंडआधी कोणाचं आधी घेऊ?” या वाक्यात नकार नाही, वेळेचा हिशेब आहे आणि निर्णय इन्चार्जकडे आहे. वेळ संपल्यावर: “सिस्टर, दहा जणांचं झालं, चौदा राहिले. राहिलेल्यांचा रकाना रिकामा ठेवलाय, राउंडनंतर घेऊन खरी वेळ टाकते.” पेशंट बिघडलेला वाटला तर आधी आकडा: “सिस्टर, 14 नंबरच्या बाबांचा श्वास 32 आहे, सकाळी 22 होता. सॅच्युरेशन 90. मला काळजी वाटतेय, तुम्ही एकदा बघता का?” न ऐकल्यासारखं झालं तर तेच वाक्य पुन्हा, थोडं जवळ जाऊन. तरीही नाही तर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला फोन, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना कळवायला इन्चार्जना पुन्हा विनंती. ही वाक्यं वाचायला सोपी वाटतात. मोठ्यानं म्हणायला लावली की मुलींचा आवाज पहिल्या सात-आठ वेळा घशातच अडकतो. म्हणून ती उभं राहून, समोरच्यानं तुटक उत्तरं दिली तरी, पुन्हा पुन्हा म्हणायची.

कोणाचं आधी घ्यायचं याचा क्रमही ठरवला. खाटेच्या नंबरानं जायचं नाही. आधी ऑक्सिजनवरचे, ज्यांना रक्त चढतंय ते, आज दाखल झालेले, सकाळचा आकडा नॉर्मलच्या बाहेर असलेले, आणि ज्यांचे नातेवाईक ‘आज काही बरं दिसत नाही’ म्हणतायत ते. त्या दिवशी या क्रमानं ती गेली असती तर बाबा पहिल्या पाचांत आले असते. श्वास मोजण्याची एक जुनी खुबी आहे. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस नकळत तो बदलतो. तिला ही खुबी माहीत होती, पण वॉर्डात कधी वापरली नव्हती. घाई असली की सगळ्यात आधी श्वासच उडतो, कारण त्याला यंत्र लागत नाही आणि न मोजल्याचा पुरावाही राहत नाही.

तिचा एक मुद्दा मात्र खरा अवघड होता. “पण आम्हाला शिकवलंय की इन्चार्जचं, डॉक्टरांचं ऐकायचं. शपथेतच आहे ना?” लॅम्प लायटिंगला हातात दिवा धरून घेतली जाणारी ती शपथ फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं ओळखली जाते, पण त्यांनी लिहिलेली नाही. 1893 मध्ये डेट्रॉइटमधल्या एका नर्सिंग स्कूलच्या प्रमुख लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीनं ती तयार केली, आणि डॉक्टरांच्या कामात निष्ठेनं साथ देण्याचं वचन त्यात आहे. त्याच शपथेत अपायकारक गोष्टींपासून दूर राहीन आणि जाणूनबुजून अपायकारक औषध देणार नाही, असंही आहे. दोन्ही वचनं एकमेकांसमोर उभी ठाकली तर काय, हे शपथ सांगत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1973 च्या आचारसंहितेनं याचं उत्तर दिलं: नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या लोकांप्रती. आज्ञा पाळणं त्याच्यानंतर. अश्विनीच्या वर्गात शपथ तोंडपाठ होती आणि आचारसंहिता ‘युनिट एक’मध्ये पाच मार्कांना होती. याला शिकवणं म्हणावं का, असा प्रश्न पडतो.

शेवटी सांगण्याची वेळ आली. तिनं स्वतः ठरवलं, की आधी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमना सांगायचं, एकटीनं, त्यांच्या केबिनमध्ये. समुपदेशकानं बरोबर यावं का, हा पर्याय तिला दिला होता, तो तिनं नाकारला. समुपदेशनात सांगितलेलं गुप्त राहतं. पण पेशंटला सध्या धोका होत असेल तर ते तसंच ठेवता येत नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवलेलं असावं लागतं. इथे तसा चालू धोका नव्हता, पण पद्धत चालू होती, म्हणून सांगणं गरजेचं होतं. तिनं तीनच वाक्यं तयार केली: काय केलं, कधी, आणि आता काय करतेय. ‘सगळे करतात’ हे त्यात नव्हतं. ताईचं नावही नव्हतं.

मॅडम आधी भडकल्या. मग गप्प झाल्या. मग तिला घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर म्हणाल्या, “अगं, भरून टाक म्हणजे घेऊन भर, मनानं भर असं कुठं म्हटलं मी?” त्या खरंच तसं म्हणत होत्या की आता सावरून घेत होत्या, हे ठरवायच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. वॉर्डातल्या अशा निम्म्या आज्ञा दुहेरी अर्थाच्या असतात. ‘घेऊन भरते ना?’ एवढं विचारलं की त्या एकेरी होतात. त्यानंतर वॉर्डात एकच बदल झाला, पण तो टिकला. सहाचे टीपीआर साडेचारला सुरू होतात आणि इन्स्ट्रक्टर मॅडम कुठल्याही दोन पेशंटचा श्वास स्वतः मोजून शीटशी ताडून पाहतात. जे शिक्षक नीतिमत्तेवर तासभर व्याख्यान देतात, त्यांनी ही दोन मिनिटं वापरून पाहावीत. अश्विनीला तोंडी ताकीद मिळाली. काही मैत्रिणी पंधरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. त्याची कल्पना तिला आधीच दिली होती, त्यामुळे ती कोलमडली नाही.

एका बैठकीत विषय घराकडे वळला. “नीटला मार्क कमी पडले म्हणून नर्सिंग,” असं नातेवाइकांत तिची ओळख करून दिली जाते. वॉर्डात ती ‘ए स्टुडंट’. जिला स्वतःचं काम दुय्यम वाटतं, तिला त्यातला खोटेपणाही किरकोळ वाटू लागतो, म्हणून हा धागा सोडता येत नाही. तिला एक काम दिलं. रोज ड्युटी संपल्यावर दोन ओळी लिहायच्या: आज मी नसते तर कोणती गोष्ट झाली नसती? पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, ‘काहीच नाही.’ चौथ्या दिवशी: ‘9 नंबरच्या काकांची कूस बदलली, कमरेखाली लाली दिसली, सिस्टरना दाखवली.’ बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच असते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांच्याच सहकारी, रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांची 1973 पासून 2015 पर्यंत, 42 वर्षं शुश्रूषा केली, आणि अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निर्णय देताना, त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या निकालाच्या इतर बाजूंवर वाद घालता येतो. पण कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं या ‘किरकोळ’ कामांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एवढं वजन मिळालं, हे नर्सिंगच्या मुलींना कोणीतरी सांगायला हवं.

आता उलट्या बाजूच्या प्रश्नाबद्दल. ‘काहीच वाटत नाही’ म्हणणाऱ्या सगळ्या मुली निर्ढावलेल्या नसतात. ओळीनं नाइट ड्युटी, मेसचं अपुरं जेवण आणि परीक्षा यांनीही मन बधिर होतं. आधी झोप आणि जेवण पाहावं. दोन-तीन दिवस नीट झोपल्यावर पेशंटबद्दल पुन्हा काही वाटू लागलं तर तो थकवा होता. तसं झालं नाही, पेशंट फक्त ‘14 नंबर’ उरला, त्याच्या कण्हण्यावर हसू येऊ लागलं, खोटा आकडा लिहिताना हात अडखळेनासा झाला, तर ते रेस्टच्या पहिल्या टप्प्याचं नुकसान आहे. त्यावर रोज एकाच पेशंटचं सगळं स्वतः आणि पूर्ण करायचं: नाव घेऊन बोलणं, अंघोळ, टीपीआर, नातेवाइकांशी दोन शब्द. दहा जणांचं अर्धं-अर्धं करण्यापेक्षा यानं नजर लवकर परत येते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण तुटलंय, वॉर्डाच्या दारात गेल्यावर घाम फुटतो, किंवा ‘जगून काय करायचं’ असे विचार येतायत, तर मात्र सराव-बिराव बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

अश्विनी आता चौथ्या सेमिस्टरला आहे. शेवटच्या बैठकीत तिनं लॉगबुक आणलं होतं. त्यात तीन प्रोसीजर तिनं फक्त बघितल्या होत्या, पण ‘स्वतः केली’ या रकान्यात नोंद होती, सहीसकट. बहुतेक लॉगबुकांत असं काही ना काही सापडतं, कारण पोस्टिंग संपताना ठरलेला आकडा भरायचा असतो आणि तेवढे पेशंट मिळालेले नसतात. त्या नोंदींवर एक रेघ मारून बाजूला ‘निरीक्षण केले’ असं लिहायचं आणि सही केलेल्या शिक्षकांना ते दाखवूनच पुन्हा सही घ्यायची, असं ठरलं. मॅडमनी दोन प्रोसीजर मॅनिकिनवर करून घेतल्या. तिसरी, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालण्याची, पुढच्या पोस्टिंगला त्यांच्या देखरेखीखाली पेशंटवर करायची, अशी चिठ्ठी लॉगबुकाला जोडली.